कॉम्प्युटर साफ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर विश्वास कधी ठेवायचा?

कॉम्प्युटर स्लो झाला, मधेच हँग व्हायला लागला, की माणूस सर्च करतो आणि वरची पहिलीच लिंक उघडतो. ती बहुतेक वेळा जाहिरात असते. 'फुकट स्कॅन करा' म्हणून एक फाइल उतरते, नेक्स्ट-नेक्स्ट करत ती इन्स्टॉल होते, आणि दोन मिनिटांत पडद्यावर लाल अक्षरांत येतं : '१,३४६ समस्या सापडल्या. कॉम्प्युटरची अवस्था गंभीर.' खाली मोठं हिरवं बटण असतं, 'आत्ताच दुरुस्त करा'. ते दाबलं की कार्डाचा नंबर मागणारं पान उघडतं. स्कॅन फुकट होतं, दुरुस्ती नाही.

समजा, घाई न करता त्या १,३४६ समस्यांची यादी उघडली. (यादी उघडताच येत नसेल, तर तिथेच थांबा. काय बिघडलंय हे दाखवायला जो प्रोग्राम तयार नाही, त्याच्याकडून दुरुस्ती करून घेण्यात अर्थ नाही.) त्यातल्या नऊशे-हजार निघतात ब्राउझरच्या कुकीज, प्रत्येक कुकी म्हणजे एक स्वतंत्र 'समस्या'. कुकी ही वेबसाइटने ठेवलेली इवलीशी नोंद असते. आपण लॉगिन केलेलं आहे हे तिच्यामुळेच साइटच्या लक्षात राहतं. काही कुकीज आपला माग काढतात हे खरं, पण कॉम्प्युटर स्लो होण्याशी त्यांचा काही संबंध नाही. उरलेल्यांत दोनेकशे टेम्पररी फाइल्स, पुन्हा एकेक मोजलेल्या, मग रजिस्ट्रीतल्या (म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) 'चुकीच्या' नोंदी, आणि शेवटी पाच-सात ड्रायव्हर (प्रिंटर, वाय-फाय अशी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम), जे व्यवस्थित चालू आहेत पण 'जुने' आहेत. मोजणी एक वेळ खरी असेल. तिचा अर्थ मात्र विकणाऱ्याच्या सोयीने लावलेला असतो. हेच सगळं एका ओळीत 'नको असलेल्या फाइल्स : ८० एमबी' असं लिहिता आलं असतं, पण मग कार्ड काढलं कोणी असतं?

हा खेळ किती मोठ्या प्रमाणावर चालतो, ते ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने बाहेर काढलेल्या प्रकरणांवरून दिसतं. ऑफिस डेपो ही तिथली मोठी दुकानांची साखळी. ती ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर 'पीसी हेल्थ चेक' नावाचा प्रोग्राम चालवून द्यायची, आणि तो पुरवायची सपोर्ट डॉट कॉम ही कंपनी. तपासणी सुरू करण्याआधी ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात : कॉम्प्युटर स्लो झालाय का, व्हायरसच्या सूचना येतात का, वरचेवर क्रॅश होतो का, पॉप-अप जाहिराती दिसतात का. यांतल्या एका जरी चौकोनात खूण केली की प्रोग्राम आपोआप 'मालवेअरची (म्हणजे घातक सॉफ्टवेअरची) लक्षणं सापडली' असा निकाल द्यायचा. पुढच्या स्कॅनचा त्या निकालाशी काही संबंधच नव्हता. त्या निकालाच्या जोरावर महागड्या दुरुस्त्या विकल्या जात. २०१९ मध्ये हे मिटवताना ऑफिस डेपोने २.५ कोटी आणि सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर मोजले. पुढे २०२४ मध्ये सायप्रसमधल्या रेस्टोरो आणि रीइमेज या दोन कंपन्यांनी २.६ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यांच्यावरचा आरोप असा की, विंडोजचीच वाटावी अशी पॉप-अप सूचना दाखवून त्या लोकांना स्कॅनकडे ओढायच्या, स्कॅनमध्ये हमखास काहीतरी निघायचं, आधी सॉफ्टवेअर विकलं जायचं आणि मग फोनवरून आणखी महागडी 'तज्ज्ञांची सेवा'.

यातली एकही टोळी अंधाऱ्या खोलीतून चालणारी नव्हती. नीटनेटकी वेबसाइट, कस्टमर केअरचा नंबर, पाच तारे, सगळं जागच्या जागी होतं. त्यामुळे 'साइट प्रोफेशनल वाटते' हा निकष काही कामाचा नाही.

स्कॅनच्या नावाखाली घाबरवणं हीच मुळात खूण मानावी, या निष्कर्षाला मायक्रोसॉफ्टही पोचली आहे. १ मार्च २०१८ पासून विंडोज डिफेंडर हा विंडोजमधलाच अँटिव्हायरस अशा क्लीनरना 'नको असलेलं सॉफ्टवेअर' ठरवून काढून टाकायला लागला, जे अतिशयोक्त किंवा भीतीदायक संदेश दाखवतात आणि ते निस्तरण्यासाठी पैसे, एखादा सर्व्हे किंवा आणखी काही डाउनलोड करायला लावतात. घरबसल्या वापरायला ही कसोटी उत्तम आहे. प्रोग्राम तुम्हाला माहिती देतोय की घाई करतोय, एवढंच बघायचं.

ॲडमिनचा हक्क

कुठलंही दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवताना पडदा काळवंडतो आणि विंडोज विचारते, या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? आपण सवयीने 'येस' दाबतो. त्या एका क्लिकने प्रोग्रामला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क मिळतात. मग तो कुठलीही फाइल वाचू शकतो, पुसू शकतो, दुसरे प्रोग्राम आणून बसवू शकतो, कॉम्प्युटर चालू झाला की स्वतः चालू होऊ शकतो. साधा फोटो बघायचा प्रोग्राम आणि क्लीनर यांत हा फरक आहे : क्लीनरला हे हक्क बहुतेक वेळा लागतात. म्हणून निवड चुकली तर ते चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखं होतं.

आणि कधी कधी निवड न चुकताही फटका बसतो. सीक्लीनर हे या क्षेत्रातलं बहुधा सगळ्यांत प्रसिद्ध नाव. ते बनवणारी पिरिफॉर्म ही कंपनी जुलै २०१७ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने विकत घेतली. घुसखोरांनी त्याआधीच पिरिफॉर्मच्या यंत्रणेत शिरकाव केलेला होता. १५ ऑगस्ट २०१७ ला सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती आली, आणि तिच्या ३२-बिट प्रतीत मालवेअर मिसळलेलं होतं. फाइल कंपनीच्या खऱ्या वेबसाइटवरून येत होती, तिच्यावर कंपनीची खरी डिजिटल सही (फाइल कंपनीचीच असल्याची खूण) होती, आणि जवळपास महिनाभर हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सुमारे २२.७ लाख कॉम्प्युटरवर ती आवृत्ती पोचली. हल्लेखोरांना त्यातल्या मोजक्या मोठ्या टेक कंपन्यांत शिरायचं होतं, त्यामुळे घरगुती वापरणारे बहुतेक जण थोडक्यात बचावले.

या प्रकरणातून काही जण 'सीक्लीनर वाईट' एवढाच धडा घेतात. मला तो अपुरा वाटतो. खरी साइट, खरी सही, मोठं नाव या सगळ्या गोष्टी बघायच्याच असतात, पण त्या एकत्र आल्या तरी हमी देत नाहीत. एवढे हक्क असलेले प्रोग्राम मुळात कमी ठेवावेत, आणि काम झालं की काढून टाकावेत. रोज पार्श्वभूमीला चालणारा क्लीनर हा माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरवर कशालाच नको. तो स्वतःच मेमरी खातो, हा आणखी एक विनोद.

नक्की बिघडलंय काय?

'कॉम्प्युटर स्लो झालाय' हे लक्षण आहे, त्यामागची कारणं वेगवेगळी असतात. विंडोजची ड्राइव्ह काठोकाठ भरलेली असेल. कॉम्प्युटर चालू होताना वीस प्रोग्राम एकदम उठत असतील. ब्राउझरमध्ये नको ती एक्स्टेंशन्स (ब्राउझरला जोडले जाणारे छोटे प्रोग्राम) घुसली असतील. विंडोजच्या स्वतःच्या काही फाइल्स खराब झाल्या असतील. रॅम कमी पडत असेल, पंख्यात धूळ बसून प्रोसेसर तापत असेल. किंवा हार्ड डिस्कच मरायला टेकली असेल. क्लीनर यांतल्या पहिल्या कारणाला उपयोगी पडतो, दुसऱ्याला थोडाफार. बाकीच्यांना अजिबात नाही.

शेवटच्या कारणाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तिथे क्लीनर थेट नुकसान करतो. फाइल उघडताना कॉम्प्युटर अनेक सेकंद गोठतो, कॉपी करताना वेग शून्यावर येतो, डिस्कमधून टकटक आवाज येतो, अशी लक्षणं असतील तर आधी डिस्कची तब्येत बघा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा जपानी प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो. डाव्या बाजूला 'गुड' निळं असेल तर ठीक. पिवळं 'कॉशन' दिसलं की खालच्या तक्त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळी बघा. डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा किती बदलाव्या लागल्या आणि किती जागा संशयास्पद आहेत, ते त्यात कळतं. हे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील, तर स्कॅन, साफसफाई, डीफ्रॅग (फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) काहीही करू नका. त्या डिस्कवरची प्रत्येक जादा धावपळ तिला शेवटाकडे ढकलते. फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवा, बाकीचं सगळं नंतर.

रजिस्ट्रीची भीती

क्लीनर विकणाऱ्यांचं आवडतं हत्यार म्हणजे रजिस्ट्री. ही विंडोजची आणि बसवलेल्या प्रोग्रामची सेटिंग ठेवण्याची जागा. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती साध्या रूपात आली, विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्यात गेला. तिच्यात लाखो नोंदी असतात, आणि एखादा प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात. हे सगळं खरं आहे. मात्र त्या राहिल्यामुळे कॉम्प्युटर स्लो होतो, हे खरं नाही. जाड शब्दकोशात आपल्याला कधीच न लागणारे पाचशे शब्द असले म्हणून हवा तो शब्द शोधायला वेळ लागत नाही. आपण थेट त्या अक्षरावर जातो, विंडोजही थेट त्या नोंदीवर जाते. पाचशे नोंदी पुसून जागा वाचते ती काही किलोबाइट, म्हणजे मोबाइलवरच्या एका फोटोच्या पासंगालाही पुरणार नाही.

उलट, चुकीची नोंद पुसली गेली तर प्रोग्राम उघडेनासा होतो, फाइल कशात उघडायची ते विंडोज विसरते, प्रिंटर गायब होतो, आणि कधी विंडोज नव्याने टाकण्यापर्यंत वेळ येते. मायक्रोसॉफ्टने एके काळी स्वतःच रेगक्लीन नावाचं साधन दिलं होतं, पुढे ते मागे घेतलं. आज रजिस्ट्री क्लीनर वापरायला आपला पाठिंबा नाही, असं कंपनीने आपल्या सपोर्टच्या माहितीत सरळ लिहिलं आहे. चांगल्या क्लीनरमध्येही रजिस्ट्रीचा विभाग असतो. तो न वापरलेला बरा.

ड्रायव्हर अपडेट करून देणारे प्रोग्राम याच जातीचे. ड्रायव्हर हा विंडोजच्या गाभ्यात चालतो. चुकीचा बसला तर निळा पडदा, आवाज बंद, वाय-फाय बंद. विंडोज अपडेट जे देते ते पुरेसं असतं, आणि खास काही हवं असेल तर लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्यावं. चालू असलेला ड्रायव्हर जुना आहे, एवढ्यावरून तो बदलायची गरज नसते.

आधी घरातलं बघा

बाहेरून काहीही आणण्याआधी विंडोजमध्येच काय आहे ते बघावं. बऱ्याच घरांत तेवढ्यानेच काम भागतं.

जागेसाठी : सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात स्टोरेज, त्यात 'टेम्पररी फाइल्स'. विंडोज इथे प्रकारवार यादी दाखवते, कशाने किती जागा व्यापली आहे त्यासह. बघा, '१,३४६ समस्या' नाहीत, नुसती नावं आणि आकार. खुणा करताना दोन ठिकाणी सावध राहायचं. 'डाउनलोड्स' हा तुमचा स्वतःचा फोल्डर आहे. तिथे बिलं, तिकिटं, कोणी पाठवलेले फोटो पडलेले असतात, आणि खूण केली तर ते सगळं जाईल. दुसरी ओळ 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स', विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर दिसणारी. तिच्याने १० जीबीच्या वरही जागा मोकळी होऊ शकते, पण ती पुसली की जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही. नवीन आवृत्ती नीट चालते आहे का ते आठवडाभर बघा. तसंही विंडोज ती साधारण १० दिवसांनी आपली आपण काढते.

एक सूचना जाता जाता. विंडोजच्या फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचं प्रचंड मोठं दिसणारं प्रकरण असतं. ते हाताने पुसायला जाऊ नका. त्यातल्या बऱ्याच फाइल्स डिस्कवर एकदाच असतात पण दोन ठिकाणी मोजल्या जातात, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. शिवाय विंडोजला स्वतःची दुरुस्ती करायला माल तिथूनच मिळतो.

चालू व्हायला वेळ लागत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'स्टार्टअप' विभागात जा. प्रत्येक प्रोग्रामसमोर त्याचा भार 'लो', 'मीडियम' किंवा 'हाय' असा लिहिलेला असतो. चॅटचं ॲप, गेमचं लाँचर, प्रिंटरबरोबर आलेला मदतनीस, असली मंडळी 'हाय'मध्ये बसलेली सापडतात. राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. यातली उत्तम गोष्ट म्हणजे इथे काहीच पुसलं जात नाही. गडबड वाटली तर पुन्हा 'एनेबल'. आणखी खोलात जायचं असेल तर सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स हे साधन आहे. सिसइंटर्नल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टचीच आहे. पण ऑटोरन्सची यादी बघून नवख्या माणसाला घेरी येते, तेव्हा ते जाणत्याच्या शेजारी बसून उघडावं.

विंडोजच्या फाइल्स खराब झाल्याची शंका असेल, म्हणजे सेटिंग्ज उघडत नाहीत, अपडेट अडकतं, तर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडून विंडोजमधल्याच दोन साधनांच्या आज्ञा चालवतात : आधी डीआयएसएमची 'रिस्टोअर हेल्थ', मग एसएफसीची 'स्कॅननाऊ'. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टच्या पानावर त्या जशाच्या तशा दिलेल्या आहेत, तिथून कॉपी करा. पहिली आज्ञा दुरुस्तीचा माल ताजा करते, दुसरी विंडोजच्या सुरक्षित फाइल्स एकेक तपासून खराब असेल ती बदलते. 'विंडोज रिपेअर' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्रोग्रामचं जे काम सांगितलं जातं, ते इथे फुकट होतं.

मालवेअरसाठी विंडोज सिक्युरिटीमधलं डिफेंडर घरच्या वापराला पुरेसं आहे. त्यात 'ऑफलाइन स्कॅन' नावाचा पर्याय आहे. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे लपून बसणाऱ्यांना लपायला जागा राहत नाही. आणि 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' उघडून 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे का ते बघा. ज्या क्लीनरबद्दल आपण बोलतोय, त्यांतले बरेच या एका बटणावर अडतात.

बाहेरून आणायचंच असेल तर

काही कामांना बाहेरचं साधन खरोखर बरं पडतं. ब्राउझरचं होमपेज बदललं, सर्च भलत्याच साइटवर जातो, जिथे तिथे जाहिराती उगवतात, अशा वेळी ॲडडब्ल्यूक्लीनर चांगलं. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. ते इन्स्टॉल करावं लागत नाही, स्कॅननंतर प्रत्येक गोष्ट नावानिशी दाखवतं, आणि काढलेल्या वस्तू आधी क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद जागी, ठेवतं, म्हणजे चूक झाली तर परत आणता येतात. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर आहे. उतरवल्यापासून १० दिवसांनी तो चालेनासा होतो आणि नवा घ्यावा लागतो. कटकट वाटते खरी, पण जुन्या माहितीवर स्कॅन करण्यापेक्षा ते बरं.

फाइल्स साफ करायला ब्लीचबिट हा ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा) प्रोग्राम आहे, २००८ पासूनचा. त्याला विकायचं काही नाही, त्यामुळे घाबरवायचंही नाही. पुसण्याआधी 'प्रीव्ह्यू' दाबलं की कुठली फाइल जाणार ते ओळीने दिसतं. पण प्रामाणिक साधन म्हणजे निरुपद्रवी साधन असं समजू नका. ब्राउझरखालच्या 'पासवर्ड्स'वर खूण केली तर साठवलेले पासवर्ड खरोखर जातात, आणि 'अनडू' नाही.

यापलीकडे कोणी एखादं नाव सुचवलं तर मी त्याची पारख अशी करतो. बनवणारा कोण, आणि त्याचं पोट कशावर चालतं? दहा वर्षं एकाच नावाने वावरणारी कंपनी किंवा ओपन सोर्स गट दिसला तर ठीक. दर वर्षी नाव बदलणारा प्रोग्राम नको. पैसे घेणं वाईट नाही, पण किंमत स्कॅनच्या आधी सांगितली आहे की भीती दाखवल्यानंतर? एकदाच पैसे घेतात की कार्डावरून दर वर्षी आपोआप कापत राहतात? मग प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये : काय पुसणार त्याची यादी देतो का, त्यातली एखादी वस्तू वगळू देतो का, झालेला बदल मागे घेता येतो का, आणि कंटाळा आला तर मुकाट्याने अनइन्स्टॉल होतो का. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण काढायला गेलं की 'नक्की का? पन्नास टक्के सूट देतो' म्हणत तीन खिडक्या उघडणारा प्रोग्राम आतूनही तसाच असतो.

कुठून उतरवायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. सर्चमध्ये 'स्पॉन्सर्ड' लिहिलेल्या निकालावर क्लिक करू नका. प्रसिद्ध प्रोग्रामच्या नावाशी मिळत्याजुळत्या पत्त्याची नकली साइट जाहिरात देऊन वर बसते, हा नेहमीचा प्रकार आहे. तयार डाउनलोडच्या मोठ्या साइट्सही निर्धोक नाहीत. २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉम मूळ प्रोग्रामभोवती स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळून टूलबार चिकटवत असल्याबद्दल एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या प्रोग्रामच्या कर्त्याने जाहीर तक्रार केली होती, आणि २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या डाउनलोडच्या साइटवर गिम्प या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रामच्या बाबतीत तसंच घडलं. (सोर्सफोर्जच्या नव्या मालकांनी पुढच्या वर्षी ती पद्धत बंद केली.) प्रोग्राम बनवणाऱ्याची स्वतःची साइट किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअर, एवढेच दोन दरवाजे ठेवा.

फाइल उतरली की लगेच डबल क्लिक नको. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिजिटल सिग्नेचर्स' हा विभाग. तिथे कंपनीचं नाव असेल आणि 'डिटेल्स'मध्ये सही वैध असल्याचं लिहिलं असेल, तर फाइल वाटेत कोणी बदललेली नाही. विभागच नसेल किंवा भलतंच नाव असेल, तर पुसून टाका. त्यानंतर हवं तर फाइल व्हायरसटोटलवर टाका. ही २००४ मध्ये सुरू झालेली सेवा २०१२ पासून गूगलकडे आहे, आणि ती एकच फाइल डझनावारी अँटिव्हायरसकडून तपासून घेते. एखाददुसऱ्याने लाल दाखवलं तर ती चुकीची शंका असू शकते. दहा-पंधरांनी दाखवलं तर विषय संपला. स्वतःची खाजगी कागदपत्रं मात्र तिथे कधी टाकू नका, कारण तिथे चढवलेल्या फाइल्स सुरक्षा कंपन्यांना मिळतात.

मॅक वापरणाऱ्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. मॅकसाठीच्या मॅककीपर या क्लीनरच्या जुन्या मालक कंपनीने दिशाभूल केल्याच्या दाव्यात २०१५ मध्ये २० लाख डॉलर देऊन तडजोड केली होती. मॅकमध्येही सेटिंग्जमध्ये स्टोरेजचा विभाग आहे आणि मालवेअर अडवणारं एक्सप्रोटेक्ट आतच आहे. वरची पारख तिथेही जशीच्या तशी लागू.

फोन नंबर दिसला की

ब्राउझर अचानक पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' असं येतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो, कंपनीने हे वारंवार सांगितलं आहे. हे नुसतं वेबपेज असतं. टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर 'एंड टास्क' करा, पुन्हा उघडताना जुने टॅब परत आणू नका.

फोन केलाच तर पलीकडचा माणूस कॉम्प्युटरचा ताबा मागतो आणि हमखास 'इव्हेंट व्ह्यूअर' ही विंडोजची घडामोडींची नोंदवही उघडून दाखवतो. तिथे लाल-पिवळ्या चिन्हांच्या शेकडो ओळी असतात. 'बघा, एवढे व्हायरस!' तुमच्या, माझ्या, काल दुकानातून आणलेल्या कॉम्प्युटरवरही त्या ओळी असतात. विंडोजमधली एखादी सेवा चालू व्हायला उशीर झाला तरी तिथे नोंद होते.

ताबा देऊन झाला असेल तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या मोबाइलवरून किंवा कॉम्प्युटरवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, बँकेला कळवून कार्ड बंद करा, मग ताबा घेण्यासाठी टाकलेला प्रोग्राम काढून ऑफलाइन स्कॅन करा. नुसतं क्लीनरचं वर्गणीचं लफडं असेल तर प्रोग्राम काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती वेगळी रद्द करावी लागते, ईमेलवर आलेल्या पावतीतून.

एवढं करूनही कॉम्प्युटर रेंगाळतच असेल, तर दोष कचऱ्याचा नाही. अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर जो फरक पडतो, तो कुठल्याच सॉफ्टवेअरने पडत नाही. ४ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर चालवणं हेच अवघड आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्यावर अडकलेल्यांनी क्लीनर शोधण्याऐवजी पुढच्या आवृत्तीचा विचार करावा. आणि सॉफ्टवेअरचाच गुंता इतका झाला असेल की कशातून काय सुटेल ते कळत नाही, तर सेटिंग्जमधलं 'रीसेट धिस पीसी' हे कुठल्याही क्लीनरपेक्षा स्वच्छ काम करतं. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर कागदपत्रं राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात. तरीही त्याआधी बॅकअप घ्या, आणि बॅकअपची डिस्क रीसेट पूर्ण होईपर्यंत कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. 'क्लाउड डाउनलोड' हा पर्याय घेतला तर विंडोजची ताजी प्रत इंटरनेटवरून येते, तेव्हा ४ जीबीच्या वर डेटा शिल्लक आहे ना ते बघा, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.